माईक टेस्टिंग

"दादा, स्काईप टाक ना कॉम्प्युटरवर, पाच मिनिटांचं काम आहे," असं बहीण कॅलिफोर्नियातून फोनवर म्हणाली, साल 2009. परदेशात गेलेल्या माणसांची पाच मिनिटं वेगळी असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण फोन स्पीकरवर होता, आईने नेटवरून फोन आणि तोही फुकट हे ऐकलं, वर चेहरा पण दिसतो हे ऐकलं, आणि विषयच संपला. आईचा हिशोब अजून आयएसडीच्या पिवळ्या बूथवरचा, मिनिटाला पन्नास-साठ रुपये, समोर लाल आकडे पळतायत आणि त्यांच्याकडे बघत बघत "बरी आहेस ना, आम्हीपण बरे, ठेवते" एवढं बोलून घामाघूम होऊन बाहेर यायचं. मी तिला सांगायला गेलो की 2002 च्या एप्रिलपर्यंत आपल्याकडे इंटरनेटवरून फोन करायला परवानगीच नव्हती, तर म्हणे, "आता आहे ना? मग लाव."

लाव म्हणजे काय, आमचा नेटचा प्लॅन असा की रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, बाकी वेळ एमबी मोजून. त्यामुळे मुहूर्त रविवार सकाळी सहाचा. डिसेंबरात आपले सकाळचे सहा म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. आदला दिवस ही भानगड आईला काही केल्या पटेना. "म्हणजे आपली एकादशी सुटली आणि तिची अजून चालूच?" मी हो म्हणून मोकळा झालो.

डाउनलोड आणि इन्स्टॉल यावर फार लिहीत नाही, नेक्स्ट नेक्स्ट आय अॅग्री, ते सगळ्यांनीच केलंय. फाईल वीस-बावीस एमबीची, नव्वद टक्क्यांवर लाईट गेली, दिवस भारनियमनाचे, यूपीएस दोन मिनिटं केकाटला आणि गप्प झाला. युजरनेम म्हणून माझं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, नाव-आडनाव पण घेतलेलं, शेवटी नावापुढे स्कूटरचा नंबर टाकला तेव्हा कुठे मशीनने मला माणूस म्हणून मान्य केलं.

खरी गंमत कॉल लागल्यावर. बहीण दिसतेय, बोललेलं अगदी स्वच्छ ऐकू येतंय, मागे तिचा कुकर शिट्टी देतोय तीपण ऐकू येतेय, आणि आमचं तिला काहीच नाही! आई ठेवणीतली साडी नेसून, कानात कुड्या घालून कॅमेऱ्यासमोर बसलेली, ती नेहमीच्या आवाजात बोलली, मग मोठ्याने बोलली, मग अमेरिका किती लांब आहे ते लक्षात घेऊन बोलली, तेव्हा खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. बहीण तिकडून नुसती कानाला हात लावून मान हलवतेय. म्हणजे एकीने बोलायचं आणि आईने मधे न तोडता ऐकायचं असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. आमची ही चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "राहू द्या की असंच, छान चाललंय."

स्काईपमध्ये टेस्ट कॉलची सोय होती. एक बाई गोड इंग्रजीत सांगायची की बीपनंतर निरोप बोला, मग तो तुम्हालाच परत ऐकवला जाईल. आता सकाळच्या पारी, पायजम्यात, कॉम्प्युटरपुढे एकट्या माणसाने काय निरोप बोलायचा? मी गणपतीच्या मांडवातल्यासारखं "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग वन टू थ्री" म्हणालो. परत काय आलं, तर फक्त खरखर. आईने रामरक्षा म्हणून बघितली, तिचीपण खरखर. पण ती बाई मात्र प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे पहिल्यापासून सांगायची. आईला तिचं फार कौतुक वाटलं. "नाहीतर आपल्याकडच्या फोन कंपनीतले," म्हणाली, "एकदा विचारलं तर खेकसतात."

मग तिसऱ्या मजल्यावरचा डिप्लोमावाला मुलगा आला. हा मुलगा बिल्डिंगमधले सगळे कॉम्प्युटर बघायचा, फी म्हणून पोहे. त्याने कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर डबल क्लिक केलं, रेकॉर्डिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनला टिक केलं, माईक बूस्ट चढवला, आणि खरखर दुप्पट झाली. "काका, ड्रायव्हर गेलाय, म्हणजे आवाज चालवणारं सॉफ्टवेअर. मदरबोर्डची सीडी द्या."

सीडी बाल्कनीत होती. म्हणजे लटकत होती. कबुतरं फार माजली म्हणून आईने घरातल्या "नुसत्याच पडलेल्या" सीड्या दोऱ्याला बांधून कठड्यावर सोडल्या होत्या, त्यात साऊंडची, मॉडेमची, वेबकॅमची, सगळी विद्या वाऱ्यावर गोल गोल फिरत होती. साऊंडची कुठली ते ओळखायला दोन दोऱ्या सोडाव्या लागल्या. तिच्यावर कबुतरांनी आपलं मत स्पष्ट नोंदवलेलं. ओल्या फडक्याने पुसून आत सारली तर ड्राईव्ह घर्र घर्र करून नुसतीच धापा टाकायला लागली. शेवटी ड्रायव्हर रात्री दोननंतर नेटवरून उतरवला, टाकला, रीस्टार्ट केलं, आणि होता तो आवाजपण गेला. आता बहिणीचं आम्हाला नाही आणि आमचं बहिणीला नाही. हिने कपाळाला हात लावला. आधीचं बरं होतं म्हणे!

पुढच्या रविवारी मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आला. ड्रायव्हर काढून परत टाकला, ऐकू येणं सुरू झालं, मग कॅबिनेट आडवं घालून पत्रा काढला. काढता काढता मला शिकवत होता की काका, सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, 2003 मध्ये एक स्वीडिश आणि एक डॅनिश माणसाने काढलंय, प्रोग्रॅम एस्टोनियातल्या पोरांनी लिहिलाय, तुमचा आवाज तुकडे तुकडे करून पाठवतात आणि तिकडे परत जुळवतात. मी म्हटलं, अरे पण तुकडे करायला आधी आवाज आत तर जायला पाहिजे.

आत धुळीचा गालिचा. आणि त्या धुळीत एक काळा प्लग, नखाएवढा, त्यावर बारीक अक्षरात एसी 97 छापलेलं, वायरची नीट घडी करून रबर बँड लावून ठेवलेला. पुढच्या बाजूला माईकसाठी जे गुलाबी भोक आहे ना, त्याची ही वायर. ज्याने कॉम्प्युटर जुळवून दिला त्याने ती मदरबोर्डला जोडलीच नव्हती! जोडायचं काम नको म्हणून रबर बँड लावायचे कष्ट घेतले होते. एवढी वर्षं पुढची दोन्ही भोकं निव्वळ शोभेची. मुलाने प्लग दाबला, टक् असा आवाज आला, टेस्ट कॉल लावला, आणि बीपनंतर माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला. इतका किरटा आहे हे कुणी कधी बोललं नव्हतं.

बहीण आणि आई मग आठ वाजेपर्यंत बोलल्या. बहिणीने लॅपटॉप उचलून सगळं घर दाखवलं, आईने तिथल्या ओट्यावरचा पसारा इथून आवरायला लावला.

यात चूक एवढीच झाली की हे सगळं दार उघडं ठेवून चाललं होतं. पुढच्या रविवारी पावणेसहाला बेल वाजली. समोरच्या काकू, स्वेटर, कानटोपी, हातात भाच्याचा युजरनेम लिहिलेला कॅलेंडरचा कागद. भाचा जर्मनीत.

"काकू, तिकडे आत्ता रात्रीचा सव्वा वाजलाय."

"मग? घरीच असेल ना," असं म्हणून काकू खुर्ची ओढून बसल्या. आणि घरीच होता तो.