समुद्र गरम झालाय म्हणे

"शेठ, मशीनला बोल लावू नका. पाणीच गरम असेल."

पहाटे सव्वापाचला, भर खाडीत, वाफ ओकणाऱ्या बोटीच्या मशीनशेजारी उकिडवा बसून फोनवर मिस्त्रीकडून हे ऐकलं मी. पाणी गरम! ऑगस्टमधलं खाडीचं पाणी, फार तर तीसेक अंश. काटा शंभरला टेकलेला. बोट काय कढईत सोडली होती मी? वर आणखी शहाणपण, "हल्ली ग्लोबल वॉर्मिंग आहे ना शेठ." म्हणजे सहा सिलिंडरचं काम केलं याने, पैसे मोजून घेतले याने, आणि मशीन तापलं की जबाबदार कोण, तर उत्तर ध्रुव!

आणि हे सगळं कुठे, तर दिवाळ्याहून निघून नेरूळची जेट्टी नुकती मागे टाकलेली. समोर तो २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, वरून गाड्या सुसाट, खाली आम्ही ओहोटीबरोबर आडवे वाहतोय. शेवटी चुलतभावाने दोर टाकून ओढत आणलं. जेट्टीवर पोरं उभीच. "काय दादूस, मशीन नवीन केलास ना यंदा?" त्यांचे दात मोजता आले मला.

नवीनच केलं की! १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारीला बंदी. लोक म्हणतात कोळी पावसाळ्यात आराम करतो. या एकदा तुर्भ्याला माझ्यासोबत आराम करायला. क्रँक ग्राइंडिंगला दिला, रोज फोन केला की "उद्या". तीन आठवडे उद्या. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "ओरिजिनल दाखवू की चालणारा?" अरे, चालणारा म्हणजे काय? ओरिजिनल काय झोपून राहतो? हेड कसताना टॉर्क रेंच विचारला तर मिस्त्री दंड दाखवतो, "हाताला अंदाज आहे." नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे टाक म्हटलं तर जुनेच तापवून बसवत होता. किंमत किती वॉशरची? त्याच्या एका मावा पुडीपेक्षा कमी. आणि डिझेलचा परतावा... जाऊ दे, तो विषय काढला की माझा स्वतःचा काटा शंभरला जातो.

तर दुपारी मिस्त्री साहेब आले. कानात ते निळं लुकलुकणारं यंत्र. (ज्याच्या कानात ते असतं त्याला माझं बोलणं ऐकू येत नाही, हा माझा जुना अनुभव.) मी अर्धा तास तोंड सोडलं. त्याच्या गुरूपर्यंत पोचलो. तो एक शब्द बोलला नाही. खाली वाकला, टॉर्च मारला, मशीन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कॉकवर दोन बोटं ठेवली.

दांडा पाइपाला आडवा. म्हणजे बंद.

आदल्या रात्री गाळणी मीच साफ केली होती. गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशवीचा कोपरा, कुणाच्या तरी गणपतीच्या मखराचं थर्माकोल. अर्ध्या ठाणे-नवी मुंबईचा कचरा त्या वाटीएवढ्या भांड्यात. त्यासाठी कॉक मीच बंद केला. तेवढ्यात फोन वाजला, मेव्हण्याचा. आणि मेव्हण्याचा फोन वीस मिनिटांच्या आत कधी संपलाय? अंधारात निघालो, बाजूच्या पाइपातून पाण्याची धार पडतेय का ते बघायचं, तेही राहिलं. खलाश्याला शिकवताना मीच ओरडतो, "आधी धार बघ, मग दोर सोड!" पाण्याविना रबरी इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, फिरला की मिनिटा-दोन मिनिटांत भाजून निघतो. निघाला. तांडेल म्हणे मी, बोटीचा कप्तान!

पण थांबा. एवढ्यात मी हार मानणाऱ्यातला नाही. मशीन तापलं तर बजर का बोंबलला नाही? बजरची तार उपटलेली! वर काळी टेप गुंडाळून, नीट, प्रेमाने. विचारलं तर म्हणतो, "ट्रायलला सारखा वाजत होता शेठ, डोकं उठलं." डोकं उठलं! अरे, तो त्यासाठीच असतो! आणि बिलात बघतो तर "वायरिंग काम" वेगळं लावलंय. तार उपटायचे पैसे!

बायकोने बिल आणि माझं तोंड दोन्ही बघितलं. म्हणाली, "दोघांनी मिळून बुडवली." म्हटलं बुडाली नाही, फक्त तापली. त्यावर तिने जेवायला वाढलं, बांगडा कालचाच.

नशिबाने वेळेत बंद केलं मशीन. तेलाची कांडी दहादा काढून बघितली, तेल दुधाळ नाही, म्हणजे पाणी मिसळलं नाही. इंपेलरचा नवा नग आणायला पोराला पिटाळलं, तर अर्ध्या तासात दुकानातून त्याचा फोन: "बाबा, ओरिजिनल की चालणारा?"

आणि मी इथे मशीन गार करणाऱ्या कूलरचं झाकण खोलून बसलोय. जुन्या इंपेलरच्या आठ पाकळ्या. चार जागेवर, चार तुटून पाण्याबरोबर पुढे गेलेल्या. चिमट्याने उपसतोय. तीन सापडल्या. चौथी कुठल्या नळीत दडलीय ते त्या गरम समुद्रालाच ठाऊक.