दुभाजकावरची झुडपं बोडकी का केली: आपण दिलेल्या एक-तारा शेऱ्याला उत्तर

नमस्कार. आमच्या छाटणीच्या कामाला एकच तारा देऊन आपण लिहिलंत की दुभाजकावरची कण्हेर आणि ड्युरांटाची झुडपं मे महिन्यात रस्त्यावर येईस्तोवर वाढू दिली, जूनअखेरीस एकदम खुंट करून टाकली, कचरा दोन दिवस तसाच होता आणि सिग्नलवरची कडुलिंबाची फांदी आम्ही सोडून दिली.

आधी आमची चूक. यू-टर्नच्या तोंडाशी वाढलेली झुडपं कापायला ऋतू बघायचा नसतो, ती मे महिन्यातच उतरवायला हवी होती. कारचालकाचे डोळे रस्त्यापासून साधारण १.२ मीटरवर असतात. दुभाजकाचा कठडा ३० सेंमीचा धरला, तर त्यावर ६० सेंमीपर्यंतचं झुडूप चालतं, त्याहून उंच झालं की समोरून येणारी गाडी दिसेनाशी होऊ लागते. पावसात वाढ जोरात असल्याने आता तिथे ४५ सेंमीवर कापलं आहे, दर तीन आठवड्यांनी पुन्हा कापू. दुभाजकाच्या मधल्या भागात मात्र एरवी उंची मुद्दाम ठेवतो, रात्री समोरच्या दिव्यांचा झोत अडतो.

बाकी छाटणी मे महिन्यात न करणं बरोबरच होतं आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा वरची पानं काढली की सावलीत राहिलेली साल उन्हात भाजते, फांदी शेंड्याकडून वाळत येते. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, टँकरच्या पाण्यावर नवी फूट तगत नाही.

खुंट दिसतात त्याचं कारण जुनं आहे. वर्षानुवर्षं मशीन एकाच उंचीवर फिरवलं की फूट फक्त कापलेल्या टोकांना येते. वर दाट छप्पर तयार होतं, आत ऊन जात नाही आणि खालची पानं गळून नुसती लाकडं उरतात. नेहमीच्या छाटणीत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढत नाहीत, पण असं पोकळ झालेलं झुडूप तेवढ्याने भरत नाही. म्हणून पाऊस लागल्यावर ते ४० सेंमीवर आणलं. कण्हेर आणि ड्युरांटा दोन्ही जुन्या लाकडातून फुटतात. बोटापेक्षा जाड फांद्या करवतीने कापल्या, कारण ट्रिमर त्या चिरडतो आणि चिरडलेलं टोक सडतं. फूट १५ सेंमी झाली की तिचे ५ सेंमी शेंडे खुडायचे, म्हणजे ती बगलेतून फांद्या काढते. पोळ्याच्या सुमारास आकार देऊ: रुंदी बुडाशी ६० सेंमी, माथ्याला ४५. बूड रुंद असलं तरच खालच्या पानांना ऊन मिळतं.

कचऱ्याबद्दल आपला राग रास्त आहे, किंबहुना कमीच आहे. कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी, शेळी-गायीने खाल्लं तर जीव जाऊ शकतो आणि जाळलं तर धूरही बाधतो. यापुढे कण्हेरीचा पाला त्याच दिवशी वेगळा भरून उचलला जाईल.

कडुलिंबाच्या फांदीला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आल्याशिवाय हात लावणार नाही.

तीन आठवडे पाऊस होऊनही एखाद्या खुंटाला डोळे फुटले नाहीत, तर नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असलं तर ते जिवंत आहे, थोडं थांबा. बुडापर्यंत तपकिरी आणि कोरडं निघालं तर जागा कळवा, तिथे आमच्या खर्चाने नवं रोप लावू.