७० वर्षांच्या आजींचं तिकीट किती?

आज ओरल होती, फायनल इयर, सॉफ्टवेअर टेस्टिंग. घरी आले तेव्हा डोकं इतकं तापलेलं होतं की चहा टाकला तो उतू गेला तरी कळलं नाही. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

एका मुलाने टर्मवर्कची फाइल पुढे ठेवली. विषय मीच दिलेला, एसटीचं तिकीट. भाडं काढणारा छोटा प्रोग्रॅम करा आणि त्याचे टेस्ट केस लिहा, म्हणजे काय टाकलं तर काय उत्तर यायला हवं आणि खरं काय आलं त्याची यादी. फाइल बघून कुणालाही बरं वाटेल अशी, ७२ टेस्ट केस, इनपुट, एक्स्पेक्टेड रिझल्ट, ॲक्च्युअल रिझल्ट, आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात पास पास पास. वयात उणे एक टाकून बघितलंय, ९९९ टाकून बघितलंय, आकड्याच्या जागी अक्षरं टाकलीत. मी पानं उलटत होते आणि ४१ नंबरला थांबले. प्रवासी स्त्री, वय ७०. एक्स्पेक्टेड रिझल्ट, मोफत. कारण महिला म्हणून ५० टक्के सूट, ज्येष्ठ म्हणून ५० टक्के, बेरीज १००. ॲक्च्युअल रिझल्टही मोफत. पास.

म्हटलं हे तू लिहिलंस? "मॅडम, एआय टूलने दिलंय." आणि प्रोग्रॅम? "तो पण टूलनेच." म्हणजे एकाच तोंडातून निघालेल्या दोन गोष्टी एकमेकींची साक्ष देतायत आणि त्यालाच आम्ही टेस्टिंग म्हणायचं. अरे, २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. दोन अर्धी जोडून फुकट होत नाही हे स्टँडवरच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. विचारलंच नाही कुणाला. चार वर्षं इंजिनिअरिंग करून पोरगं कुणाला काही विचारत नाही, याचा मला राग आलाय. त्याच्यावर कमी, आमच्यावर जास्त.

कारण मला २००८ सालची एक मुलगी आठवते. हा विषय मी नुकताच घ्यायला लागले होते. तेव्हाचं भारनियमन आठवतंय ना, लॅबमधे लाइट नाही, जनरेटर फक्त ऑफिसला. मग मी फळ्यावरच बाउंडरी व्हॅल्यू, म्हणजे मर्यादेच्या काठावरचे आकडे टाकून बघणं, शिकवायला घेतली, उदाहरण एसटीच्या हाफ तिकिटाचं. पाच ते बारा वर्षं अर्धं तिकीट, तर कुठले आकडे टाकून बघायचे? ४, ५, ६, ११, १२, १३. फळ्यावर लिहिले, खाली रेघ ओढली. मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली, तिचे वडील एसटीत कंडक्टर. म्हणाली, "मॅडम, पण तिकीट वयावर कुठे निघतं? पप्पा वय विचारतच नाहीत. आई पोराला कडेवर घेते न् सांगते चार वर्षांचा आहे. पप्पा पोरालाच विचारतात, कितवीत आहेस रे? पोरगं छाती काढून सांगतं, दुसरीत."

वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हणाले, छान आहे, पण पेपरात हे लिहू नकोस, सहा आकडेच लिही.

ती खाली बसली. पुढे सेमभर एकदाही उभी राहिली नाही.

तेव्हा आम्ही शिकवायचो म्हणजे व्याख्या. व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशनमधला फरक, आठ मार्क, आठ मुद्दे. प्रोग्रॅम किती गुंतागुंतीचा ते मोजायचा मॅकेबचा १९७६ चा फॉर्म्युला, एजेस वजा नोड्स अधिक दोन, आकृती काढून सोडवा. मायर्सच्या १९७९ च्या पुस्तकातला त्रिकोण, तीन बाजू घ्या आणि समभुज की समद्विभुज की विषमभुज ते सांगा. सुंदर उदाहरण आहे तो त्रिकोण, १, २, ३ टाकलं तर त्रिकोणच होत नाही हे मुलांना स्वतः सापडतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात, पण आम्ही तोही गाइडमधून उत्तरासकट पाठ करून घ्यायचो. टूल म्हणजे विनरनर आणि क्यूटीपी. लायसन्स परवडत नव्हतं, मग स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर शिकवलं. टूल न बघता टूल शिकवलं आम्ही, दोन वर्षं.

मग अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला. सेलेनियम हे टूल आलं, फुकट होतं, सगळ्यांना केवढा आनंद. ब्राउझर आपोआप उघडतो, नाव टाइप होतं, बटण दाबलं जातं, मुलं टाळ्या वाजवायची. पुन्हा पॅटर्न बदलला, जेयुनिट, टेस्टएनजी, अजाईल, सीआय पाइपलाइन असे शब्द आले, त्याच दरम्यान विषय इलेक्टिव्हमधे ढकलला गेला आणि तास कमी झाले, म्हणजे शिकवायचं दुप्पट आणि वेळ निम्मा. आता तर एआय. दर वेळी नवीन टूल आलं की वर्कशॉप होतं, सर्टिफिकेट मिळतं, ग्रुप फोटो होतो. बरं, सेलेनियममुळे आमच्या कितीतरी पोरांना पुण्यात नोकऱ्या लागल्या, ते मी नाकारत नाही.

पण त्या रकान्याचं काय? एक्स्पेक्टेड रिझल्ट. त्यात जे लिहायचं ते बरोबर आहे हे कुणी ठरवलं? कुठून आणलं? मी १७-१८ वर्षं हा विषय शिकवतेय आणि यावर आम्ही एक पूर्ण तास कधी खर्च केला नाही. टूल बटण दाबतं, आकडे टाकतं, ॲक्च्युअल रिझल्ट आणून देतं. बरोबर काय ते कंडक्टरला माहीत असतं, बँकेत काउंटरवर बसलेल्या माणसाला माहीत असतं, दवाखान्यातल्या सिस्टरला माहीत असतं. त्यांना जाऊन विचारावं लागतं. त्या मुलीने २००८ मधे हेच सांगितलं होतं, की तुमचं इनपुटच खोटं आहे मॅडम, खरं इनपुट पोराच्या तोंडात आहे.

आणि कॉपीबद्दल म्हणाल तर एआय यायच्या आधी काय वेगळं होतं? सीनियरची जर्नल ज्युनिअरकडे, तेच नोटपॅडचे टेस्ट केस, तेच लॉगिन पेज, फक्त तारीख बदललेली. एका वर्षी तर सर्टिफिकेटच्या पानावर सीनियरचंच नाव राहिलेलं आणि त्यावर माझीच सही. आम्ही शिकवतो की तेच तेच टेस्ट परत परत चालवले की नवीन बग सापडायचे थांबतात, पेस्टिसाइड पॅराडॉक्स म्हणतात त्याला. शेतकऱ्यांच्या पोरांना हे समजवावंच लागत नाही, कपाशीवर एकच औषध मारत राहिलं की बोंडअळी त्याला दाद देत नाही हे त्यांनी घरी भोगलंय. मग तेच असाइनमेंट दहा वर्षं देत राहिल्यावर काय होणार ते आम्हाला का कळत नाही?

टूल मला न सुचणारे टेस्ट केसही देतं, हेही खरं, वयाच्या जागी अक्षरं टाकून बघायचं मी स्वतः विसरले असते. पुरे, याहून जास्त कौतुक आज माझ्याच्याने होणार नाही.

एक गोष्ट मात्र गेल्या दोनेक वर्षांत चांगली झाली. मी दर वर्षी एरियान ५ या रॉकेटची गोष्ट सांगते, ४ जून १९९६, जुन्या रॉकेटचं सॉफ्टवेअर नव्यात तसंच ठेवलं, ६४ बिटचा आकडा १६ बिटात मावला नाही आणि ३७ सेकंदांच्या आसपास सगळं संपलं. पोरं जांभया द्यायची, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट. मग १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीचं झालं. ८५ लाख विंडोज मशीन एका अपडेटने आडवी, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास, ते फोटो मुलांनी स्वतः फॉरवर्ड केलेले. वर्गात सांगितलं, की व्याख्येत फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, होते २१ आणि कोड देत होता २०, आणि टेस्ट करताना त्या २१व्या जागी काहीही चालेल असं ठेवलेलं, म्हणून ते कुणाला दिसलंच नाही. एकाने विचारलं, मॅडम, कुणी मोजलं नाही का? त्या दिवशी तास संपल्यावरही पोरं उठली नाहीत. असा एक तास मिळाला की वाटतं अजून दहा वर्षं शिकवावं.

आजच्या मुलाकडे परत येते. एक्सटर्नल सर म्हणत होते, जाऊ द्या, पुढचा बोलवा. मी म्हटलं थांबा. त्याला विचारलं, घरी आजी आहे? "आहे, गावाला." वय? "असेल सत्तरच्या आसपास." एसटीने फिरते? "हो." लाव फोन. बिचारा घाबरला, त्याला वाटलं घरी तक्रार करणार. स्पीकरवर लावला. आजींना आधी काळजी, पोराला काय झालं. त्याने विचारलं, आजी, एसटीत तुला तिकीट किती पडतं गं? आजी म्हणाल्या, "अर्धं की. बाईमाणसाचं अर्धंच." मी मधेच म्हटलं, आजी, वय विचारतात का? "मला कोण वय इचारतंय? बाई दिसली की अर्धं फाडतो त्यो. तू जेवलास का?"

लॅब एकदम शांत झाली. त्याने काही न बोलता पेन काढला, ४१ नंबरवरचं मोफत खोडलं, अर्धं लिहिलं, आणि हिरवा पास खोडून फेल लिहिलं. पूर्ण फाइलमधली ती एकच ओळ त्याच्या हाताची. मी तेवढ्या ओळीचे मार्क दिले, आणि ते कमी नाहीत.

पण बाई दिसली की अर्धं, वय कोण विचारतंय, हे आजींच्या तोंडून ऐकताना मला ती मागच्या बाकावरची मुलगीच बोलतेय असं वाटलं. तिकीट वयावर कुठे निघतं मॅडम. तिला मी गप्प बसवलं, दोन वाक्यांत, हसत हसत. ती आता कुठे आहे मला माहीत नाही. टेस्टिंगमधे असेल तर त्या कंपनीचं भाग्य.

तर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आई, बहीण एसटीत कंडक्टर असतील, रिटायर्ड असले तरी चालतील, तर मला मेसेज करा. पुढच्या सेमला बाउंडरी व्हॅल्यूच्या तासाला मला ते वर्गात हवेत. एचओडींशी मी बोलते. येण्याजाण्याचं आणि जेवणाचं मी बघते. तास सकाळी सव्वादहाचा असतो, ड्युटी असेल तर दुपारचा करून घेऊ.