लीडचा रेझिस्टन्स ‘वजा केला की झालं’? नाही होत!

माझी पुतणी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला. ‘काका, आमच्या ग्रुपवर सगळे हेच पाठ करतायत.’ मजकूर असा: लो रेझिस्टन्स मोजायला केल्विन डबल ब्रिज लागत नाही, व्हीटस्टन ब्रिज पुरतो (दोन्ही रेझिस्टन्स मोजायची सर्किटं). लीडचा, म्हणजे जोडायच्या वायरचा, रेझिस्टन्स आधी मोजून वजा करावा. डबल ब्रिजची चार टर्मिनल दोन-दोन एकत्र जोडली तरी चालतं. करंट उलटा करून पुन्हा रीडिंग घेणं म्हणजे जर्नलची पानं भरणं. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं रीडिंग झालं की लगेच लीड ओढून पुढचं काम घ्यावं. आणि शेवटी, डबल ब्रिजची जागा आता भंगारात. व्हायव्हाचे मार्क गेले तर गेले, पण हीच पोरं उद्या वर्कशॉपमध्ये असं मोजणार, म्हणून लिहितोय.

सगळ्यात खुळा मुद्दा वजाबाकीचा, आणि तोच सगळ्यांना पटतो.

व्हीटस्टन ब्रिजला वस्तू जोडायला दोनच टर्मिनल. त्यामुळे वस्तू, दोन्ही लीड आणि सगळे जोड त्याला एकत्रच दिसतात. ५० ओमच्या कॉइलला लीडचे ०.०२ ओम कोण विचारतो? पण वायर तपासायला घ्या. आयएस ८१३० या भारतीय मानकानुसार २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या लवचीक वायरचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओमच्या वर जाता कामा नये. म्हणजे मीटरला जेमतेम ८ मिलिओम. त्यात तांबं ५ टक्के कमी घातलं असेल तर फरक पडतो ०.४ मिलिओमचा, आणि आपल्याला तोच पकडायचाय. आता लीड बघा. १ चौरस मिमीच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन लीड घेतल्या तरी सुमारे १८ मिलिओम झाले. मोजायच्या वायरच्या दुपटीहून जास्त!

‘मग तेच तर वजा करायचंय ना?’ लीडच्या तांब्याचा रेझिस्टन्स एकवेळ स्थिर राहील, जोडाचा राहत नाही. क्रोकोडाइल क्लिप काढून त्याच जागी परत लावा, नाहीतर नुसती चिमटीत दाबा, आकडा काही मिलिओमने सहज हलतो. टर्मिनलचा स्क्रू अर्धा आटा पिळला तरी हलतो. लीड शॉर्ट करून मोजताना जो जोड होता तो वायर लावताना तुम्ही स्वतःच मोडलात. मग वजा काय करताय? दुसऱ्याच जोडाचा आकडा.

विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८६१ मध्ये यावर तोडगा काढला तो वजाबाकीचा नव्हताच. करंट बाहेरच्या दोन टर्मिनलांतून द्यायचा, पोटेन्शियलची, म्हणजे व्होल्टेज बघायची, दोन टर्मिनल त्यांच्या आत घ्यायची. पोटेन्शियल लीड रेशो आर्मच्या (ज्यांच्या गुणोत्तरावरून ब्रिज मोजतो त्या रेझिस्टन्सच्या) सिरीजमध्ये जातात. तिथे १०० ओमच्या आर्मला लीडचे २० मिलिओम चिकटले तर फरक पडतो ०.०२ टक्के. मग उरते ती मोजायची वस्तू आणि स्टँडर्ड (आकडा आधीच नेमका माहीत असलेला) रेझिस्टन्स यांना जोडणारी जाड पट्टी. रेशो आर्मची दुसरी जोडी असते ती तिच्यासाठीच. दोन्ही जोड्यांचं गुणोत्तर सारखं ठेवलं की पट्टीचा रेझिस्टन्स समीकरणातून गळून पडतो.

हे कळलं की चार टर्मिनल ब्रिजपाशीच दोन-दोन जोडून एकेक लीड नेण्याचा सल्ला आपोआप निकालात निघतो. जे बाहेर ठेवलं होतं तेच परत आत घेतलंत.

करंट उलटा करण्याचं कारणही साधं आहे. १०० मायक्रोओममधून १ अॅम्पिअर सोडलात तर मिळतात फक्त १०० मायक्रोव्होल्ट. दोन वेगळ्या धातूंचे जोड कमी-जास्त तापलेले असले तर काही मायक्रोव्होल्ट तिथेच तयार होतात. करंट उलटला तरी ते उलटत नाहीत, म्हणून दोन्ही रीडिंगची सरासरी घेतली की जातात.

भंगाराच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कारखान्यांत आज ब्रिजचा गॅल्व्हानोमीटर (अगदी बारीक करंट दाखवणारं काट्याचं मीटर) क्वचितच दिसतो, डिजिटल मायक्रोओममीटर आलेत. पण त्या मीटरला लीड किती असतात ते बघा: चार! सर्किट ब्रेकरच्या कॉन्टॅक्टमधून १०० अॅम्पिअर डीसी सोडून मोजतात, तिथेही करंटच्या क्लिप बाहेर आणि व्होल्टेजच्या आत. ब्रिज गेला असेल, केल्विनची चार टर्मिनल कुठेही गेलेली नाहीत. तेव्हा १ ओमच्या वर खुशाल व्हीटस्टन वापरा, त्याखाली केल्विन ब्रिज नाहीतर चार लीडचं मीटर.

आणि ते लीड ओढण्याचं. हे लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग आला. वाइंडिंगचं इंडक्टन्स मोठं असतं, म्हणजे वाहता करंट थांबवायला ते जोरात विरोध करतं. वाहता डीसी करंट अचानक तोडलात तर क्लिपपाशी ठिणगी उडते आणि हाताला जबर झटका देईल इतकं व्होल्टेज तयार होतं. आधी गॅल्व्हानोमीटरची की (बटण) सोडा, मग सप्लाय बंद करा, वाइंडिंग पूर्ण डिस्चार्ज होऊ द्या आणि त्यानंतरच क्लिपला हात लावा.