उभ्या टाकीचे आडवे प्रश्न

मत्स्यालय घेणारी माणसे टाकी निवडतात ती माशांकडे पाहून नव्हे, तर घरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून. आमच्या ताईने खिडकीशेजारच्या अरुंद जागेत बसेल अशी उंच, उभी टाकी पसंत केली. माझ्या मुलीने पुस्तकांच्या बुटक्या कपाटावर लांब, आडवी टाकी मांडली. आणि दोघींचा उत्साह पाहून काकांनी मेजावर ठेवायला काचेचे एक गोल भांडे भेट दिले. त्यांत मासे, वनस्पती आणि वाळू कोणती घालायची हे ठरवण्याचे काम, मला कोणत्याही गोष्टीचा तक्ता आखण्याची खोड असल्यामुळे, सर्वानुमते माझ्याकडे आले.

आडवी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच. उभी टाकी ३० लांब, ३० रुंद आणि ७२ उंच. तिन्ही मापे गुणून हजाराने भागली की लिटर मिळतात, आणि दोन्हींचे उत्तर ६४.८ आल्यावर ताईने, ‘मग फरक कसला?’ असे विजयी मुद्रेने विचारले. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यत्वे पृष्ठभागातून. आडव्या टाकीचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटिमीटर आहे, तर उभ्या टाकीचा नेमका निम्मा. सभागृहाचे छत उंच केले म्हणून त्यात जास्त खुर्च्या मावत नाहीत, हे मी परोपरीने सांगितले. ताईने ऐकून घेतले आणि पन्नास माशांची यादी माझ्या हातात ठेवली.

उभ्या टाकीला शोभणारा मासा म्हणजे एंजल. अंगाने चपटा, पंख वर-खाली पसरलेले, त्यामुळे उंची त्याच्या कामी येते. अशी फार तर एक जोडी ठेवावी, असे माझे मत पडले. ताईला सोबत निऑन टेट्रांचा थवाही हवा होता, कारण दोन्ही जाती अमेझॉनच्या खोऱ्यातल्या, म्हणजे गाववाल्याच. परंतु एंजल मोठा झाला की तो निऑनला गाववाला मानत नाही, जेवण मानतो. निऑन आडव्या टाकीच्या यादीत गेले, कारण थव्याने पोहणाऱ्यांना लांबी लागते. तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरासचीही मी तिकडेच बदली केली. हा मासा मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, आणि प्रत्येक घोटासाठी त्याला ७२ सेंटिमीटरांची चढण चढायला लावणे मला प्रशस्त वाटेना.

तळाच्या थरावरून मात्र खरे रण माजले. मुलीला जांभळे, टोकदार खडे हवे होते. कोरीडोरास मिशांनी तळ चाचपून अन्न शोधतो, आणि अणकुचीदार खड्यांवर त्या मिशा झिजतात, असे सांगताच तिने डोळ्यांत पाणी आणून बारीक वाळूला मान्यता दिली. पाच सेंटिमीटर थरासाठी नऊ लिटर वाळू लागते, आणि ती धुवायची कोणी, हा विषय निघताच तिला अभ्यास आठवला. तेवढ्यात काका पिशवीभर शंखशिंपले घेऊन आले. त्यांतला चुना पाण्यात विरघळून पाणी जड आणि अल्कधर्मी करतो, तर आमच्या पाहुण्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. पुराव्यादाखल मी एका शिंपल्यावर व्हिनेगर टाकले. शिंपला फसफसला, पाठोपाठ काकाही.

वनस्पतींच्या बाबतीत उंची पुन्हा आडवी आली. उभ्या टाकीच्या तळाशी उजेड क्षीण पोहोचतो, आणि तेथे काही लावायचे म्हटले तर हात खांद्यापर्यंत बुडतो. थोड्या अवधानाने कान कोरडा ठेवता येतो. म्हणून तेथे ॲन्युबिअस आणि जावा फर्न लाकडाच्या ओंडक्याला बांधले. त्यांना कमी उजेड चालतो, आणि त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो, त्यामुळे बांधणे हीच त्यांची लागवड. आडव्या टाकीत पुढच्या बाजूला क्रिप्टोकोरीन लावली. जागा बदलल्याच्या निषेधार्थ तिने सगळी पाने विरघळवून टाकली. मुळे शाबूत असतील तर ती पुन्हा फुटते, हे घरच्यांना पटवणे लागवडीपेक्षा अवघड गेले.

गोल भांड्यात काकांना गोल्डफिश हवा होता. चांगल्या निगराणीत तो हातभर वाढला नाही तरी वीतभर सहज होतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो, हे सांगूनही काका बधेनात. त्या भांड्यात मी केवळ जावा मॉस ही शेवाळासारखी वनस्पती सोडली. इतर टाक्यांतही तूर्त मासे नाहीतच, कारण माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वस्तीला यायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तोवर आमचे कुटुंब एकाग्रतेने पाणी पाहत बसते.

या प्रतीक्षेत मॉसबरोबर नकळत आलेली एक इवलीशी गोगलगाय काकांच्या भांड्यात प्रकटली. सर्व टाक्यांमध्ये पहिला रहिवासी आपला, याचा त्यांना रास्त अभिमान असून ते येणाऱ्याजाणाऱ्याला भिंगातून तिचे दर्शन घडवतात. या जातीच्या गोगलगाईला अंडी घालण्यासाठी जोडीदाराची गरज नसते, ही माहिती मी त्यांना अद्याप दिलेली नाही.