‘दहा वर्षं हुकूमशहा द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच आलंय. लोकशाहीने देशाचं वाटोळं केलं, दहा वर्षं एक कडक हुकूमशहा द्या, सिंगापूर बघा, चीन बघा, आणीबाणीत ट्रेन टायमावर धावायच्या, आणि नाही पटला तर पुढच्या निवडणुकीत पाडा. खाली पंधरा अंगठे. मला हे सोडून देता येत नाहीये, म्हणून लिहितो.

सिंगापूर घ्या. ली कुआन यू 1959 ते 1990 पंतप्रधान होते, शहर घडवलं, मान्य. पण काँगोचा मोबुटूपण कडकच होता की, 1965 ते 1997, आपल्या गावात काँकॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी बांधली आणि देश कंगाल केला. कुठला निघेल हे आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

चीनमध्ये 1959 ते 61 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. खालचे अधिकारी भीतीने पिकाचे आकडे फुगवून वर पाठवायचे, त्या आकड्यांवर सरकार धान्य उचलायचं, आणि गावात खायला उरायचं नाही. खरं बोलायची कोणाची टाप नव्हती.

आता आपल्याकडचं बघा. डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा मी निफाडला मामाकडे होतो. लाल कांदा, तो काय उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो. लिलाव बंद, ट्रॉली अंगणात उभी, मामा रोज ताडपत्री उचलून हात घालून बघायचा आणि काही न बोलता परत झाकायचा. पण चांदवडला रास्ता रोको झाला, पेपरात आलं, कोणी गप्प बसलं नाही. बंदी उठली 4 मे 2024 ला, शुल्क लावूनच उठली पण उठली, आणि दिंडोरी-नाशिकचं मतदान होतं 20 मे ला. तारखा नीट बघा. तरी दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्याच. उशीर झाला, नुकसान झालं, पण मताची भीती वरपर्यंत गेली ना.

आणीबाणीतल्या ट्रेनचं सांगता, मग आपल्या नाशिकरोडच्या जेलात मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता आत टाकायच्या कायद्याखाली, डांबलेल्यांचंपण सांगा. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, कितीतरी जबरदस्तीने, आणि पेपरवर सेन्सॉर होता म्हणून छापून येत नव्हतं.

‘नाही पटला तर पाडा’ हे तर सगळ्यात धोक्याचं. व्हेनेझुएलात चावेझ 1998 ला रीतसर निवडून आला, मग हळूहळू कोर्ट, निवडणूक आयोग सगळं मुठीत गेलं. जुलै 2024 ला विरोधकांच्या पोलिंग एजंटांनी केंद्राकेंद्रावरचे निकालाचे कागद जमवून नेटवर टाकले, त्यात चावेझनंतर गादीवर आलेला मादुरो हरलेला दिसतो, आयोगाने केंद्रवार आकडे दिलेच नाहीत, आणि जानेवारीत त्याने परत शपथ घेतली. लोकांनी पाडलाच होता काका, मत देऊन. पुढे काय करायचं ते फॉरवर्डमध्ये लिहिलंय का कुठे?