करंट गेला तरी लँडलाइन चालतो?

मृग लागला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर हा संदेश दरसाल फिरतो: ‘लँडलाइन काढू नका. करंट गेला तरी तो चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळते. गडगडायला लागलं की मोबाइल बंद करा, तो वीज ओढतो. लँडलाइनवरच बोला.’ पहिला भाग एके काळी खरा होता. शेवटचा सल्ला मात्र धोक्याचा आहे.

‘वीज एक्स्चेंजमधून मिळते.’ तांब्याच्या तारेवर मिळते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या लाइनवर ४८ व्होल्ट डीसी ठेवतात. रिसीव्हर उचलला की २० ते ४० मिलिअँपिअर वाहतात आणि साध्या फोनचं तेवढ्यात भागतं. कॉर्डलेसचं नाही, त्याचा बेस घरच्या सॉकेटवर असतो.

‘करंट गेला तरी चालतो.’ फायबरवर नाही. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. डायल टोन आणि घंटी दोन्ही घरातल्या पेटीत, म्हणजे ओएनटीत, तयार होतात आणि ती पेटी बहुधा १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालते. फोनची वायर दिवे लुकलुकणाऱ्या पेटीत जात असेल तर तुमची लाइन फायबरची. खात्री हवी तर मेन स्विच पाडा आणि रिसीव्हर कानाला लावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी त्याच्या सॉकेटवर घ्या. नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ‘८००० एमएएच’ हा आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे साधारण ३० वॉट-तास, त्यातले १२ व्होल्टवर चढवताना काही जातात आणि हाती पंचवीसेक उरतात. पेटी १० वॉट खात असेल तर अडीच तास. सत्तरी तालुक्यात फांदी पडून रात्रभर करंट गेला तर एवढ्याने काय होणार? शिवाय फायबर बऱ्याच ठिकाणी खांबांवरूनच ओढलेली असते. माडाचं झावळं वीजतारेबरोबर तिलाही खाली आणतं. मग यूपीएस असूनही पेटीवर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो आणि लाइनमन येईपर्यंत फोन मुका.

‘मोबाइल वीज ओढतो.’ नाही. आकाशातली वीज उंच, एकट्या उभ्या वस्तूवर पडण्याची शक्यता जास्त. खिशातल्या फोनच्या लहरींशी तिला देणंघेणं नाही. उघड्या शेतात उभा माणूस धोक्यात असतो, मग मोबाइल असो वा नसो.

‘लँडलाइनवरच बोला.’ हे अगदी उलटं. जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेवर विजेचा मोठा दाब चढतो आणि तो रिसीव्हरपर्यंत पोहोचू शकतो. एक्स्चेंजमधलं संरक्षण एक्स्चेंजची यंत्रं वाचवतं, तुमचा कान नव्हे. फायबर स्वतः वीज वाहत नाही, पण तिच्या केबलला आधाराची पोलादी तार असू शकते आणि ॲडॉप्टर तर घरच्या वायरिंगवरच असतो. म्हणून वादळ जवळ येण्याआधीच ॲडॉप्टर उपसून ठेवा. गडगडत असताना बोलायचंच झालं तर घरात बसून, चार्जरवरून काढलेल्या मोबाइलवर बोला.